पावसाळ्याआधी जुन्या ट्विन टब वॉशिंग मशीनचे सील: कामाला बसण्यापूर्वीची तयारी

कोल्हापुरात जुलैची झड लागली की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि सगळा भार ड्रायरवर येतो. जुन्या मशीनचा बेलो, म्हणजे ड्रायरच्या टबाच्या तळाशी शाफ्टभोवती बसणारं रबरी सील, नेमका तेव्हाच दगा देतो. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं. वस्तू शोधायला हाताशी वेळ असतो आणि उघडून ठेवलेलं मशीन कोरडंही पटकन होतं.

पाना हातात घ्यायच्या आधी गळती कुठली आहे ते पक्कं करायचं. फरशीवर पाणी दिसलं म्हणून सरसकट सगळे सील बदलणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया. मशीन दोन विटांवर उचलून ठेवा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, धुण्याच्या टबात निम्मं पाणी भरून त्यात थोडी नीळ घाला आणि अर्धा तास मशीन न चालवता तसंच सोडा. कागदावर निळा डाग टबाच्या मध्याखाली पडला तर पल्सेटरच्या (धुण्याच्या टबाच्या तळाशी फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकतीच्या) शाफ्टचं, म्हणजे दांड्याचं, सील गेलंय, किंवा गिअर बॉक्स जिथे टबाला आवळलेला असतो तिथलं रबर पॅकिंग सुटलंय. पाणी उभं असताना काही नाही, पण मशीन फिरायला लागल्यावर थेंब येतात, तर सीलची ओठासारखी कड झिजलेली आहे. नॉब धुण्यावर असूनही ड्रेन पाइपच्या तोंडातून धार लागत असेल तर दोष व्हॉल्व्हच्या रबराचा. त्यात बहुतेकदा ब्लाऊजचा हूक किंवा दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो, रबर धडधाकट असतं. ड्रायर फिरतानाच पाणी पडतं तो बेलो. याला सगळ्यात आधी हात घाला, कारण त्याच्या बरोबर खाली ड्रायरची मोटर असते आणि थेंब सरळ तिच्या वाइंडिंगवर, म्हणजे तारांच्या गुंडाळीवर, पडतात. डाग काळा, तेलकट असेल तर मात्र गळतंय ते गिअर बॉक्सचं तेल, तो वेगळा विषय.

याच तपासणीत ड्रेन पाइपही बघून घ्या. या मशीनना पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. पाइप मोरीच्या उंच कठड्यावर टाकला असेल तर पाणी ड्रायरच्या तळाशी साचून राहतं आणि बेलो कायम भिजत राहतो. अशा घरात नवा बेलोही फार दिवस टिकत नाही.

आता सामान. पल्सेटरच्या ऑइल सीलवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तिन्ही मिलीमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि सीलचं घर मोजा. जुनं सील मोजू नका, ते फुगलेलं असतं. जुन्या मॉडेलचं सील कंपनीच्या नावाने मागितलं तर मिळेलच असं नाही, पण मापाने मागितलं तर उद्यमनगरात कारखान्यांना बेअरिंग आणि सील पुरवणाऱ्या दुकानांत मिळण्याची शक्यता चांगली. मागताना आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारा. साधी स्प्रिंग साबणाच्या पाण्यात गंजून तुटते आणि मग कड शाफ्टला घट्ट धरत नाही. बेलो मात्र मापाने मागून चालत नाही. त्याची खाच, उंची, मधलं बुश (शाफ्ट ज्यातून फिरतो ती नळी) सगळं मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा जुना नमुना पिशवीत घालूनच वॉशिंग मशीनचे पार्ट विकणाऱ्या दुकानात जा आणि बुशसकट घ्या. बुश सैल झालेलं असताना नुसतं रबर बदललं तर शाफ्ट हलत राहतो आणि नवं रबरही फाडतो. सोबत ड्रायरच्या मोटरखालच्या तीन स्प्रिंग आणि त्यांची रबरं घ्या. एक जरी दबली तरी मोटर तिरकी बसते, आणि बेलो एकाच बाजूने झिजला असेल तर कारण बहुतेक वेळा हेच.

हत्यारांत मोठा स्क्रू ड्रायव्हर, 8 आणि 10 चे बॉक्स पाने, पक्कड, गंज सोडवणारा स्प्रे, 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, सपाट लाकडी ठोकळा आणि सिलिकॉन ग्रीस. गाडीचं पिवळं ग्रीस रबराला लावू नका. ते खनिज तेलाचं असतं आणि काही जातींचं रबर त्याने फुगून मऊ पडतं. कुठे सीलंट लागलंच तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या आम्लाने धातू गंजतो. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या, आणि सीलच्या कडेला तर कुठलंच लावू नका.

टायमर शून्यावर म्हणजे वीज बंद नव्हे. पिन काढून बाजूला ठेवा. मागचं झाकण उघडल्यावर कपॅसिटरची दोन टोकं जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लावलेल्या होल्डरच्या वायरींनी काही सेकंद जोडून ठेवा, त्यात विजेचा भार शिल्लक राहिलेला असू शकतो. झाकण उघडलंच आहे तर वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघा. तळ उघडा असलेल्या मशीनमध्ये ते हमखास शिरतात. वायरिंगचा आणि ड्रायरच्या ब्रेकच्या तारेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पल्सेटरचा मधला स्क्रू निघाला तरी पल्सेटर सहसा निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटलं की प्लॅस्टिकची कड तुटते, आणि जुन्या मॉडेलचा पल्सेटर मिळणं सीलपेक्षा कितीतरी अवघड. तासाभरापूर्वी स्प्रे मारून ठेवा, वरून गरम पाणी ओता, समोरासमोरच्या दोन कडांखालून सुतळीचे फास घालून सरळ वर ओढा. खाली शाफ्टवर पातळ वॉशर असतात. त्यांची संख्या आणि क्रम लिहून ठेवा. एक कमी पडला की पल्सेटर टबाला घासतो.

नवं सील बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलच्या जागी नख अडकत असेल तर तिथे चर पडलाय आणि नवं सीलही तिथूनच गळणार. हलका चर 400 च्या, मग 600 च्या पेपरने गोल गोल घासून काढा. उभं घासू नका, उभ्या ओरखड्यांतूनच पाणी वाट काढतं. चर खोल असेल तर सील थोडं वरखाली बसेल अशी जागा आहे का पाहा, नाहीतर लेथवर शाफ्ट नवा करून घ्या. उद्यमनगर जवळ असण्याचा फायदा इथे घ्यावाच.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे. कडेला ग्रीसचं बोट फिरवून ठोकळ्याने चारी बाजूंनी सारखं दाबत न्या. तिरकं गेलं तर काढून पुन्हा. बेलोची खाच साबणाच्या पाण्याने ओली करून टबाच्या भोकात सरकवा, गोंद लावायचा नाही. धुण्याच्या मोटरचा पट्टा (बेल्ट) परत चढवल्यावर मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण 1 सेंटीमीटर दबला पाहिजे.

मग पुन्हा निळीचं पाणी. आधी अर्धा तास मशीन न चालवता, मग दहा मिनिटं पल्सेटर फिरवून. ड्रायरची चाचणी मात्र रिकामी घेऊ नका: दोन ओले टॉवेल सारखे पसरून, वरची प्लॅस्टिकची जाळी दाबून, पाच मिनिटं. ड्रायर मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे मोटर तिरकी असेल तर इथेच कळतं. सगळं कोरडं राहिलं तर मागच्या झाकणाच्या आतून मार्करने सीलचं माप आणि तारीख लिहा, मगच स्क्रू आवळा.