शहरात येऊन रेशन बुडवू नका: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शहरात आल्या आल्या गावच्या रेशनकार्डावरून नाव कमी करून घेणं. "आता इकडंच राहायचं, तर इकडचंच कार्ड काढू" हा हिशेब ऐकायला सरळ वाटतो आणि हमखास अंगाशी येतो.

समजा, मराठवाड्यातलं पाच जणांचं कुटुंब पुण्यात बांधकामावर आलं. गावी प्राधान्य कुटुंबात, म्हणजे अन्नसुरक्षेचं धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, नाव होतं. माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला घेतला, भाडेकरार आणि उत्पन्नाचा दाखला जमवला, खेटे घालून केशरी कार्ड हातात पडलं. दुकानदार म्हणाला, यावर धान्य नाही. बरोबरच म्हणाला. नुसत्या केशरी कार्डावर धान्य मिळत नाही, अन्नसुरक्षेच्या यादीत नाव लागतं आणि त्या यादीला इष्टांकाची, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांच्या संख्येची, मर्यादा आहे. राज्याच्या ग्रामीण भागात 76.32 टक्के लोकांना लाभ, शहरी भागात 45.34 टक्क्यांनाच. म्हणजे गावची सहज मिळालेली जागा सोडून माणूस शहरातल्या जास्त लांब रांगेत उभा राहतो.

तेव्हा नाव गावीच राहू द्या. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत कुठल्याही रास्त भाव दुकानात कार्डाचा 12 अंकी नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, घरातल्या एकानं ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा. गावी म्हातारे आईवडील असतील तर कोण किती किलो उचलणार ते महिना लागायच्या आधी फोनवर ठरवा. नाहीतर तिकडं सगळं उचललेलं असतं, इकडं मशीन शिल्लक शून्य दाखवतं आणि भांडण मात्र दुकानदाराशी होतं. "तुमचं कार्ड इथलं नाही" असं तो म्हणाला, तर वाद न घालता 1967 वर तक्रार नोंदवा.

दुसरं दुखणं ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेण्याचं. ती एकट्या कुटुंबप्रमुखाची करून भागत नाही, प्रत्येक सदस्याची लागते. सिमेंट-चुन्यात काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात. हात साबणानं धुऊन कोरडे करा, अंगठा नाही लागला तर दुसरं बोट, नाहीच जमलं तर डोळ्यांचं स्कॅन मागा. मुलांचं वेगळंच. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला ठसे घेतलेलेच नसतात. पाच पूर्ण झाल्यावर आधार केंद्रात ते नोंदवले नाहीत, तर दुकानात कितीही वेळा बोट दाबून काही होणार नाही. तरी लोक दाबत बसतात.

एजंटला पैसे देऊन "आठ दिवसांत धान्य चालू" करून घेणारे तर हात जोडण्यालायक. इष्टांक त्याच्या खिशात नसतो.

महिनाअखेरीपर्यंत थांबू नका, न उचललेलं धान्य पुढच्या महिन्यात मिळेल असं धरून चालू नका. मशीनची पावती घ्या आणि त्यावरचे किलो पिशवीतल्या वजनाशी ताडून बघा.

दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीसाठी दुपारी अडीचला पोचू नका. प्रत्येक केंद्राच्या थाळ्या ठरलेल्या असतात. केंद्र चालू आहे ना हे आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि बाराच्या आत जा.

भाजी मात्र उलट. आठवडी बाजारात दिवस मावळताना, बाजार उठायच्या वेळी घ्या. पालेभाजी तेव्हा घेतली तर त्याच रात्री निवडून ठेवायची, सकाळपर्यंत ती टिकत नाही.