बडोद्यातला होम्स लिहिताय? या चुका टाळा

शेरलॉक होम्सच्या वळणाची ऐतिहासिक रहस्यकादंबरी बडोद्यात रचायची कल्पना उत्तम आहे, पण हस्तलिखितं त्याच त्या ठिकाणी फसतात. नायकाची नजर, व्हायोलिन, विक्षिप्तपणा सगळं ठरलेलं असतं. साल तेवढं ‘सयाजीरावांच्या काळात’ असं मोघम. सयाजीराव गादीवर आले १८७५ साली, वारले १९३९ साली. साल आणि महिना पक्का झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.

सगळ्यात मोठा बोजवारा उडतो तो वेळेचा. समजा कथा १८९५ ची आहे. मांडवीजवळच्या वाड्यात, तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री आठला खून होतो. संशयिताला आठ वाजता स्टेशनात पाहिल्याची साक्ष निघते आणि लेखक त्याला सोडून देतो. पण तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती आणि ही वेळ बडोद्याच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे २८ मिनिटं पुढे होती. म्हणजे स्टेशनात आठ वाजले तेव्हा वाड्यात ७:३२ झाले होते. तेवढ्या वेळात टांगा स्टेशनावरून मांडवीला आरामात पोचतो. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला, तेव्हा त्याआधीच्या कथेत प्रत्येक वेळेशेजारी ‘कुणाचं घड्याळ’ हे टिपून ठेवा. आणि हा फरक वाचकाला तिसऱ्या प्रकरणाच्या आत दिसलाच पाहिजे. शेवटच्या पानावर काढलात तर ती वाचकाची फसवणूक.

दुसरी खोड म्हणजे बोटांचे ठसे. १८९० चा फौजदार पेल्यावरचे ठसे जुळवतो, हे वाचून कंटाळा आला. ठशांची कचेरी कलकत्त्यात निघाली तीच १८९७ साली. रक्त माणसाचं की बकऱ्याचं हे सांगणारी चाचणी १९०१ ची. ही घाई कशाला? गुजरातेत पगी होते. पावलांवरून चोराचा माग ते गावाच्या शिवेपर्यंत काढत आणि पुढचा माग काढण्याची जबाबदारी त्या गावावर येई. टाचेचा दाब, लंगडी चाल, ओझं घेतल्यावर खोल जाणारं पाऊल, हे सगळं होम्सच्याच पठडीतलं आहे आणि अस्सल इथलं आहे.

विष हवं असेल तर सोमल (आर्सेनिक) बेलाशक वापरा. तो ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ पासून होती. आधी फेअर प्रकरण मात्र नीट वाचा. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे एकदोन घोट घेतले आणि बाकीचं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी उरलेल्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. चौकशी आयोगात तिघे इंग्रज एकीकडे, तिघे हिंदी दुसरीकडे; तरीही ज्यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप होता ते महाराज मल्हारराव पदच्युत झाले. पुरावा आणि निकाल यांच्यातली अशी फट कादंबरीत ठेवायला हिंमत लागते. नवखे लेखक ती शेवटच्या प्रकरणातल्या लांबलचक कबुलीजबाबाने बुजवतात. तो कबुलीजबाब कापा.

होम्सची पहिली कथा १८८७ ची, त्यामुळे १८८५ चा नायक ती वाचू शकत नाही. मे महिन्यात लोकरी कोट नको. रावपुऱ्यातली मराठी मंडळी वाण्याशी गुजरातीतच बोलतील. आणि वॉटसनला, म्हणजे नायकाच्या सोबत्याला, बावळट करू नका: त्याला दिसलेलं सगळं खरं असू द्या, चूक फक्त त्याच्या अनुमानात.