विरुद्धार्थी शब्द: यादीआधी वाक्य

पोलीस भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं. त्यात विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न बहुतेक मुलं हातचा धरून चालतात. परळच्या ज्या अभ्यासिकेत मी तयारी केली, तिथेच आता नवीन मुलांचं मराठी घेतो. प्रत्येकाच्या वहीत दोन रकान्यांची तीच यादी असते. यादी तोंडपाठ, तरी गुण जातात, कारण शब्दाचा विरुद्धार्थ वाक्यागणिक बदलतो.

‘कच्चा’ घ्या. आंबा कच्चा असेल तर उलट पिकलेला, भात असेल तर शिजलेला, रस्ता असेल तर पक्का. दादरच्या फलाटावर ‘जलद’ची जोडी ‘धीमी’शी असते, पर्यायांत मात्र ‘मंद’ किंवा ‘सावकाश’ दिसू शकतं. म्हणून मी मुलांना प्रत्येक शब्दाचं आधी वाक्य करायला लावतो.

उपसर्ग मात्र नीट घोटून घ्या. व्यंजनाआधी ‘अ’, स्वराआधी ‘अन्’: न्याय–अन्याय, पण आदर–अनादर, उचित–अनुचित. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथेच. ‘अनुकूल’मध्ये नकाराचा ‘अन्’ नाही, ‘अनु’ हा वेगळा उपसर्ग आहे. त्याच्या उलट प्रतिकूल. अनुज म्हणजे धाकटा भाऊ, त्याच्या उलट अग्रज. आणि ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे, ज्याचं मोलच करता येत नाही असं! पहिलं अक्षर बघून उत्तरावर खूण करू नका. कृतज्ञ–कृतघ्न, उपकार–अपकार या जोड्या तर घाईत वाचल्या की हमखास फसवतात.

‘नाही’ लावलं की विरुद्धार्थ झाला, असंही धरू नका. चहा गरम नाही म्हणजे थंडच आहे असं नाही, कोमटही असेल. जिवंत–मृत यांच्यामध्ये मात्र तिसरं काही नसतं.

याच अभ्यासात समासाचाही एक प्रश्न पदरात पडतो, आणि मला हा भाग फार आवडतो. खरेखोटे, पापपुण्य, बरेवाईट यांत विरुद्ध शब्द एकत्र नांदतात. विग्रह, म्हणजे अशा जोडशब्दाची फोड, ‘खरे किंवा खोटे’ असा होतो, म्हणून हा वैकल्पिक द्वंद्व, म्हणजे ‘किंवा’ने सुटणारा समास. पण ‘त्याचं काही बरंवाईट झालं तर?’ असं आई घाबरून विचारते, तेव्हा त्यातलं ‘बरं’ कुणाच्या मनातही नसतं. अशी वाक्यं घरात, गाडीत कानावर पडली की वहीत उतरवून ठेवा आणि शेजारी त्या जोडीचा विग्रह लिहा.