तूट कोणत्या पक्षाची? हा हिशेब मांडताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की तोच तक्ता पुन्हा फिरायला लागतो. एका बाजूला वर्षे, दुसऱ्या बाजूला केंद्राच्या राजकोषीय तुटीचे (कर्ज सोडून आलेल्या पैशापेक्षा जास्त झालेल्या खर्चाचे) देशाच्या सकल उत्पन्नाशी (जीडीपीशी) असलेले टक्के आणि ओळींना पक्षांचे रंग. वादविवाद स्पर्धेची तयारी करणारी मुले तो घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, उधळे कोण?" हा तक्ता दुरुस्त करून करून मी खरंच थकलो आहे. चुका दरवेळी त्याच असतात.

अर्थसंकल्पीय अंदाजालाच झालेला खर्च समजणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि छापूनही आणली आहे. लिहायला लागलो तेव्हा एका लेखात २००८-०९ ची तूट २.५ टक्के असे ठोकून दिले. आकडा अर्थसंकल्पातून घेतला होता. आदल्या वर्षीची प्रत्यक्ष तूटही २.५ टक्क्यांच्या आसपासच होती, त्यामुळे शंका आली नाही. लेख आल्यावर लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "अहो, दोन वर्षांनंतरचं पुस्तक उघडून पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. त्यांनी घरी बोलावले, 'अर्थसंकल्प दृष्टिक्षेपात' हे सरकारी पुस्तक समोर ठेवले आणि रकान्यांवर बोट फिरवत नेले: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष. २००८-०९ ची प्रत्यक्ष तूट ६ टक्क्यांच्या घरात होती. माझा अख्खा लेख कोसळला.

मग त्यांनी कारणे लिहायला लावली. शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, तेल-खतांचे अनुदान, आणि सप्टेंबर २००८ नंतर जागतिक मंदीमुळे आटलेला महसूल व दिलेल्या सवलती. पहिल्या दोन गोष्टी सरकारने ठरवून केल्या, मंदी बाहेरून आली. संयुक्त पुरोगामी आघाडीला जाब विचारायचा तर या दोन्हींची वेगळी मोजणी करूनच विचारला पाहिजे. २०२०-२१ लाही हाच न्याय लावा. अंदाज ३.५ टक्के, प्रत्यक्ष ९.२ टक्के. कोविड वगळून हा आकडा राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या तोंडावर फेकणे अप्रामाणिक आहे, आणि सगळाच्या सगळा कोविडच्या माथी मारणेही तितकेच अप्रामाणिक. का, ते पुढे येते.

तेव्हापासूनची माझी सवय: प्रत्यक्ष आकडा हाती येईपर्यंत त्या वर्षाबद्दल निकाल द्यायचा नाही. दोन अर्थसंकल्प थांबावे लागते. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, पण यात जवळची वाट नाही.

अर्थसंकल्पाबाहेरचे कर्ज विसरणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक ही. इंधन स्वस्तात विकल्याने तेल कंपन्यांना झालेला तोटा सरकारने रोखीने भरून द्यायचा, तर ती रक्कम तुटीत दिसते. त्याऐवजी रोखे (पुढे व्याजासह पैसे देण्याची हमीपत्रे) दिले तर त्या वर्षीच्या तुटीत काहीच दिसत नाही. ही युक्ती वाजपेयी सरकारच्या काळात वापरली गेली आणि मनमोहन सिंग सरकारने ती फार मोठ्या प्रमाणावर वापरली. त्या रोख्यांचे व्याज आणि मुद्दल पुढची सरकारे भरत आली, अगदी २०२५-२६ पर्यंत.

पण तेलरोख्यांवर बोलणारे अन्न महामंडळावर, म्हणजे सरकारसाठी धान्य खरेदी करून साठवणाऱ्या भारतीय अन्न महामंडळावर, गप्प बसतात. २०१६-१७ पासून महामंडळाला अनुदानाऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून (लोकांच्या अल्पबचत योजनांत जमा होणाऱ्या पैशातून) कर्ज दिले जाऊ लागले. तेही तुटीबाहेर राहिले. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद करून जुनी कर्जे फेडायचे ठरले. त्यात मोफत धान्याची भर पडली आणि २०२०-२१ चे अन्न अनुदान १.१५ लाख कोटींच्या अंदाजावरून प्रत्यक्षात ५ लाख कोटींपलीकडे गेले. म्हणजे त्या ९.२ टक्क्यांत आधीच्या वर्षांची लपलेली तूटही आहे. हिशेब उघड केला हे चांगलेच झाले. पण मग आधीच्या वर्षांचे सौम्य आकडे मिरवता येत नाहीत.

वर्ष ज्याच्या नावावर, खर्चही त्याचाच

सातवा वेतन आयोग नेमला फेब्रुवारी २०१४ मध्ये एका आघाडीने, लागू केला २०१६ मध्ये दुसरीने. २०१४-१५ चे ४.१ टक्के तुटीचे लक्ष्य आधीचे अर्थमंत्री चिदंबरम यांच्या हंगामी अर्थसंकल्पातले, जुलैमध्ये ते पाळायचे ठरवले नवे अर्थमंत्री जेटलींनी. मी वहीत दोन रकाने आखतो, 'कोणी ठरवले' आणि 'कोणी भरले'. ते भरल्याशिवाय मुलांना पक्षाचे नाव उच्चारू देत नाही.

कोट्यवधींचे आकडे टक्क्यांशिवाय सांगणे

करू नका. अर्थव्यवस्था वाढली की रुपयांतला जवळजवळ प्रत्येक आकडा 'आजवरचा सर्वाधिक' ठरतो.

निर्गुंतवणुकीला काटकसर म्हणणे

सरकारी हिस्सा विकून आलेला पैसा तूट कमी दाखवतो. २०१८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटींना घेतला. ओएनजीसीही सरकारीच, आणि तिने त्यासाठी कर्ज काढले. तूट मात्र तेवढी घटली.

केंद्र आणि राज्य एकत्र कालवणे

राज्याच्या योजनांचा खर्च राज्याच्या तुटीत येतो. मात्र केंद्राचे कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवे कर्ज उभारायला अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते, त्यामुळे कर्जाची मर्यादा कोणी ठरवली हेही त्याच वहीत लिहा.