ओआरएसची पुडी: चूक होते ती पाण्याच्या मापात

जुलाब लागलेलं मूल दवाखान्यात येतं तेव्हा बहुतेक घरांत ओआरएसची पुडी आधीच फोडलेली असते. गडबड मापात होते. पुडी दोन आकारांत मिळते: साधारण वीस ग्रॅमची मोठी, १ लिटर पाण्यासाठी, आणि चार ग्रॅमची छोटी, २०० मिलीसाठी. दिसायला सारख्याच, म्हणून आधी पाठीमागचं वाचा. मोठी पुडी २०० मिलीच्या पेल्यात ओतली तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं. रक्तातलं सोडियम चढून बाळ गुंगतं, झटकेही येऊ शकतात. उलट छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर नुसतं पाणीच पाजल्यासारखं.

घरातला स्टीलचा पेला २०० मिलीचाच असेल असं नाही. १ लिटरसाठी विकतच्या पाण्याची लिटरची बाटली माप म्हणून वापरा. २०० मिलीसाठी खुणा असलेली दुधाची बाटली, मोजण्यापुरतीच, पाजायला वाटी-चमचा. पाणी उकळून गार केलेलं हवं, पण पूड घातल्यावर पुन्हा उकळू नका. पुडी सगळी एकदम टाका. आतले क्षार चमच्याचमच्याने काढले तर सारख्या प्रमाणात येतीलच असं नाही. वरून साखर, लिंबू, दूध काही नको. झाकून ठेवलेलं पाणी २४ तास चालतं, उरलेलं ओतून द्या.

जास्त साखरेला मनाई का? आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियम ओढून घेतात आणि त्यामागोमाग पाणी येतं. जुलाबातही ही वाट बहुधा चालू राहते. ओआरएसचा सगळा खेळ तिच्यावर. साखर जास्त झाली की ती आतड्यातच राहून उलट पाणी बाहेर खेचते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही कमी करून नवं सूत्र सुचवलं ते याच हिशेबाने: एकूण तीव्रता (पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) लिटरला ३११ वरून २४५ मिलीऑस्मोलवर आली, उलट्या आणि सलाईनची गरज दोन्ही घटल्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं या हिशेबात बसत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी घातली. तरी पाकिटावर घटक वाचण्याची सवय असू द्या.

आता पाजायचं किती. पाणी कमी झाल्याची खूण नसेल तर दर पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली. मूल चिडचिडं आहे, डोळे खोल गेलेत, वाटी दिसली की झडप घालतं, यातल्या दोन खुणा दिसल्या तर वजनाच्या दर किलोला ७५ मिली, ४ तासांत. हे शक्यतो आरोग्य केंद्रात, डॉक्टर किंवा नर्सच्या नजरेखाली. ८ किलोच्या बाळाचा हिशेब ६०० मिली, म्हणजे तासाला १५०. पाच मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी. कंटाळवाणं काम आहे, आणि त्या कंटाळ्यापायीच 'डॉक्टर, सलाईन लावा' सुरू होतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमचा, थोडा सावकाश. वाटीने घटाघट पाजलं की पोट ताणतं, सगळं बाहेर येतं आणि 'याला ओआरएस पचत नाही' असं घरात ठरून जातं. पापण्या सुजल्यासारख्या वाटल्या तर ओआरएस थांबवून अंगावरचं दूध किंवा साधं पाणी द्या.

अंगातलं पाणी किती कमी झालंय हे पाहायला कातडीच्या चिमटीची परीक्षा घेतात. ती घेताना बेंबी आणि कुशीच्या मधोमध कातडी अंगठा-तर्जनीत उभी धरा, सेकंदभराने सोडा. परत बसायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर हॉस्पिटल गाठा. गुटगुटीत बाळात ही खूण फसवते, कातडी लगेच बसते; हडकुळ्या बाळात पाणी पुरेसं असतानाही ती रेंगाळते. तीव्र कुपोषित मुलाला तर वरचा चार तासांचा हिशेब लावूच नका, त्याचा उपचार वेगळा.

शीत रक्त, हिरवी उलटी, मलूल होऊन न पिणारं मूल, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा बाळ दोन महिन्यांखालचं: यात घरी प्रयोग नको. 'दात येतायत, होणारच' हे कारण तर अजिबात चालवून घेऊ नका.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून निघतं. हे आधी न सांगितल्याने दुसऱ्या दिवशी आई-बाबा थांबवणारी गोळी मागतात. लोपेरामाईड लहान मुलांना देऊ नये. अँटिबायोटिकचंही तसंच. भारतासह सात देशांत आठ हजारांहून अधिक, दोन वर्षांखालच्या मुलांना रक्त नसलेल्या जुलाबात अझिथ्रोमायसिन किंवा नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव्य देऊन पाहिलं. २०२१ मध्ये आलेल्या निकालांत मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. उलटीवर ऑन्डॅनसेट्रॉनचा एक डोस उपयोगी पडतो, पण तो वजन पाहून डॉक्टरांनी द्यायचा.

अंगावरचं दूध चालूच. मऊ भात-वरण, दही, केळं, थोडं तूप घालून द्या. उपाशी ठेवल्याने आतडं लवकर सुधारत नाही.

राहिलं झिंक, जुलाबात ओआरएसच्या जोडीने द्यायचं औषध. ठरलेला डोस दोन ते सहा महिन्यांत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०, चौदा दिवस. तोंडात धातूची चव येते, बाळ ओकतं. भारत आणि टांझानियात ४,५०० मुलांवर झालेल्या चाचणीत (२०२०) ५ आणि १० मिलिग्रॅमही २० इतकेच कामाचे ठरले आणि उलट्या कमी झाल्या. त्यामुळे डॉक्टरांनी कमी डोस लिहिला तर चूक समजू नका. सिरप घेताना '५ मिलीत किती' हे बाटलीवर पाहा, ते कंपनीगणिक बदलतं. चौथ्या दिवशी शी घट्ट झाली की बाटली फ्रिजवर जाऊन बसते. पहिल्याच दिवशी पेनने तिच्यावर चौदाव्या दिवसाची तारीख टाका.