स्टारबर्स्ट की सक्रिय? दूर-अवरक्त डेटावरून दीर्घिका तपासताना

एखादी दीर्घिका भराभर तारे घडवतेय (स्टारबर्स्ट) की तिच्या मध्यभागी कृष्णविवर पदार्थ गिळतंय (सक्रिय), हे धुळीच्या दूर-अवरक्त प्रकाशावरून कसं तपासायचं ते पाहू. नागपुरात गच्चीवर दुर्बीण लावून दूर-अवरक्तातलं काही हाती लागत नाही. ६० ते ५०० मायक्रॉनचा जवळजवळ सगळा प्रकाश हवेतली वाफ वरच्या वर शोषून घेते, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेली दुर्बीण स्वतःच अवरक्तात झळकत असते. म्हणून आयरास (१९८३) आणि हर्शेल (२००९ ते २०१३) या दुर्बिणी अवकाशात गेल्या. त्यांचा डेटा आज खुला आहे. लॅपटॉपवर पायथन आणि त्यातलं खगोलशास्त्राचं साधन अ‍ॅस्ट्रोपाय असलं की भागतं.

सरावाला तीन दीर्घिका घ्या: एम ८२, एनजीसी १०६८ आणि आर्प २२०. नासाच्या इर्सा संग्रहातून आयरासच्या २५, ६० आणि १०० मायक्रॉनच्या तीव्रता जान्स्की या एककात उतरवा. पहिली चूक इथेच होते. एम ८२ सारखी पसरट दीर्घिका बिंदू-स्रोतांच्या (ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या) यादीतून उचलली तर कडेचा प्रकाश सुटतो. आयरासची तेजस्वी दीर्घिकांची सुधारित यादी वापरा. बिंदू-स्रोतांच्या यादीतून आकडा घ्यावाच लागला तर शेजारचा दर्जा-अंक बघा: ३ म्हणजे भरवशाचं मोजमाप, १ म्हणजे नुसती वरची मर्यादा.

आता २५ मायक्रॉनच्या तीव्रतेला ६० मायक्रॉनच्या तीव्रतेनं भागा. उत्तर ०.२ च्या वर गेलं तर धूळ गरम, म्हणजे मध्यभागी कृष्णविवर खातंय असा संशय घ्यायचा, अशी रूढ पद्धत आहे. एनजीसी १०६८: ८७.६ भागिले १९६.४, म्हणजे ०.४५. सक्रिय, बरोबर. आर्प २२०: ८.० भागिले १०४.१, म्हणजे ०.०८. पण एम ८२ चे ३३२.६ आणि १४८०.४ घेतले की ०.२२ येतं, आणि ती तर स्टारबर्स्टचं पाठ्यपुस्तकी उदाहरण! तिच्या गाभ्यात तरुण तारे इतके दाटीनं आहेत की धूळ त्यांच्यामुळेच तापते. उलट आर्प २२० चा गाभा धुळीनं इतका गच्च आहे की आत काही लपलेलं असलं तरी २५ मायक्रॉनचा प्रकाश बाहेर येताना अडतो. हे गुणोत्तर संशय घ्यायला ठीक, निकाल द्यायला नाही.

निकालाच्या जवळ जायला रेडिओ तीव्रता जोडीला घ्या आणि दूर-अवरक्ताशी तिचं प्रमाण काढा. ६० मायक्रॉनची तीव्रता २.५८ ने गुणा, त्यात १०० ची मिळवा, बेरजेला १.२६ × (१० चा उणे १४ वा घात) ने गुणा. हा दूर-अवरक्त प्रवाह, वॅट प्रति चौरस मीटर. त्याला ३.७५ × (१० चा १२ वा घात) ने भागा, मग १.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ तीव्रतेनं भागा आणि १० पायाचा लॉगॅरिदम घ्या. रेडिओचा आकडा जान्स्कीत ठेवलात तर उत्तर २६ नं चुकतं; आधी १० च्या उणे २६ व्या घातानं गुणा. तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत हे मूल्य २.३ च्या आसपास असतं. एम ८२ ला सुमारे २.४, आर्प २२० ला २.६, एनजीसी १०६८ ला मात्र १.७: तिथे कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोताचा (जेटचा) रेडिओ वरचढ आहे. रेडिओत शांत असलेलं सक्रिय केंद्रक या चाळणीतूनही निसटतं. त्यासाठी स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटात १४.३ मायक्रॉनची निऑन रेषा शोधा. नुसत्या ताऱ्यांना ती सहसा जमत नाही.

ताऱ्यांचा जन्मदर काढायचा तर ८ ते १००० मायक्रॉनची एकूण दीप्ती लागते. आर्प २२० ची ती साधारण दीड लाख कोटी सूर्यांइतकी. तिला १.७ × (१० चा उणे १० वा घात) ने गुणलं की वर्षाला सुमारे २५० सूर्यांचं वस्तुमान. सक्रिय दीर्घिकेत हा आकडा फुगलेला येतो, कारण कृष्णविवरानं तापवलेली धूळही त्यात मोजली जाते.

धुळीचं तापमान हवं असेल तर हर्शेलचे नकाशे उघडा, पण आधी हेडरमधलं एकक वाचा. पॅक्स या तिच्या उपकरणाचा नकाशा जान्स्की प्रति पिक्सेल असतो. स्पायर या दुसऱ्या उपकरणाचा जान्स्की प्रति बीम (दुर्बिणीला बिंदू जेवढा पसरट दिसतो तो ठिपका) किंवा मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन. ते न बदलता बेरीज केली की आलेख मध्येच तुटतो. सगळे नकाशे ५०० मायक्रॉनच्या ३६ विकलांच्या बीमइतके पुसट करून मगच एका वर्तुळात मोजा. मग तीव्रता-तरंगलांबीच्या आलेखावर तापलेल्या धुळीची वक्ररेषा बसवा (फिट). मोजकेच बिंदू असतील तर बीटा (लांब तरंगलांबीकडे धुळीचं उत्सर्जन किती झपाट्यानं घटतं ते सांगणारा घातांक) १.८ वर खिळवून ठेवा. बीटा आणि तापमान दोन्ही मोकळे सोडले की एक वाढतं तसं दुसरं घटतं आणि फिट चांगला दिसूनही खोटा निघतो. २५ मायक्रॉनचा बिंदू या फिटमध्ये घालूच नका, ती धूळ वेगळी.