संपावर जाण्याआधी या चुका टाळा

"संपाचा हक्क आम्हाला घटनेनेच दिलाय!" द्वारसभेत कुणी असं म्हणालं की मी तिथेच थांबवतो. कलम १९(१)(ग) संघटना बांधण्याचा हक्क देतं, संपाचा नाही. १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवरची सरसकट बंदी उठवली, संपावरची मात्र ठेवली. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने लाखाहून जास्त संपकऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केलं, तेव्हाही न्यायालयाने संपाचा हक्क मानला नाही. बहुतेकांना परत घेतलं, पण माफीनामा लिहून घेऊन. तो निकाल मला आजही अन्यायाचा वाटतो. पण तो नाहीच असं समजून चालणाऱ्यांची नोकरी जाते.

दुसरी चूक म्हणजे 'सामूहिक रजा'. संप हा शब्द टाळला की नियमही टळतो, हा नव्या मंडळींचा लाडका शॉर्टकट. आमच्या एका कार्यालयात चाळीसेक जणांनी एकाच मजकुराचे किरकोळ रजेचे अर्ज एकाच सकाळी टेबलावर ठेवले. रजा मंजूर झालीच नाही. विनापरवानगी एकत्र गैरहजर राहणं हा संपच, असं सांगून पगार कापला आणि सेवाखंडाच्या, म्हणजे नोकरीची सलगता तुटल्याच्या, नोटिसा निघाल्या. निवृत्तीला चार महिने उरलेल्या एका बाईंची पेन्शनची फाइल त्यात अडकली. तो दिवस नियमित करून घ्यायला आम्हाला वर्षाहून जास्त काळ हेलपाटे घालावे लागले. बाईंना मी काय उत्तर देणार होतो?

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे: आधी काळ्या फिती, मग मधल्या सुट्टीत निदर्शनं आणि प्रत्येक निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का. तरुणांना हे संथ वाटतं. वाटू दे.

महापालिकेचा सफाई कामगार आणि मंत्रालयातला लिपिक यांना एकच कायदा लावू नका. पहिल्याला औद्योगिक कायदा आहे, दुसऱ्याला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे १९७९ चे वर्तणूक नियम.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्या मंडळींनी संयुक्त सल्लागार यंत्रणेत, म्हणजे सरकार आणि कर्मचारी संघटना यांच्या वाटाघाटीच्या मंचावर, बढतीचा वाद घेऊन लवाद मागू नये. लवाद मिळतो तो वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा यांवरच. एकट्यादुकट्याची तक्रारही तिथे चालत नाही.

आणि बैठकीतून इतिवृत्ताशिवाय उठू नका. "साहेब हो म्हणाले" हे कुठल्याही फाइलला लागत नाही. मी दोन दिवसांत स्वतःच चर्चेचे मुद्दे लिहून पाठवतो आणि पोच घेतो.